स्वदेशी प्रोसेसरवर चालणार काय?

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेनं ‘ध्रुव६४’ हा प्रोसेसर जाहीर केला. ६४ बिट, दोन कोअर (चिपच्या आतली गणन-केंद्रं), १ गिगाहर्ट्झ वेग. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या सेमिकॉन परिषदेत इस्रोची ‘विक्रम ३२०१’ ही चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली होती. मद्रास आयआयटीत ‘शक्ती’ प्रोसेसरचं काम २०१४ पासून चालू आहे, सी-डॅकची ‘वेगा’ मालिका आहे, आणि शक्ती-वेगाला बळ देण्यासाठी केंद्र सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये ‘डीआयआर-व्ही’ हा कार्यक्रम सुरू केला. अशी घोषणा झाली की आपल्याकडे चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते: किती नॅनोमीटरची, कुठल्या कारखान्यात बनली, इंटेलच्या किती वर्षं मागे. दोन दिवस अभिमान, दोन दिवस टिंगल, आणि विषय संपतो.

त्या चिपवर चालणार काय, हे कुणी विचारत नाही.

माझ्या मते स्वदेशी प्रोसेसरचं भवितव्य याच प्रश्नावर ठरणार आहे, आणि त्याचं उत्तर चिपचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांच्या हातात फारसं नाही. ते आहे निविदा काढणाऱ्या सरकारी कार्यालयांच्या हातात. जनतेच्या पैशातून घेतलेलं सॉफ्टवेअर उद्या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर पुन्हा उभं करता येईल, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याचं बिल निघता कामा नये. हे ऐकायला तांत्रिक वाटतं. पण मुळात हा पैशाचा आणि मालकीचा प्रश्न आहे.

आधी अडचण नेमकी काय, ते पाहू. प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या स्वतःच्या सूचना-संचातल्या आज्ञाच कळतात. आपल्या बहुतेक कचेऱ्यांतले संगणक एक्स८६ जातीचे आहेत, इंटेल किंवा एएमडीचे. त्यांची एकेक आज्ञा १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. मोबाइलमध्ये असतो तो आर्म. त्याच्या ६४ बिट संचात प्रत्येक आज्ञा बरोबर ४ बाइटची. शक्ती, वेगा, ध्रुव हे रिस्क-फाइव्ह या खुल्या संचावर बांधलेले. एकासाठी तयार केलेली फाइल दुसऱ्याच्या दृष्टीनं निव्वळ कचरा. मूळ सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम, हाती असेल तर तो प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवणारा कंपायलर नव्या जातीसाठी पुन्हा चालवायचा, नवी फाइल तयार होते. कॉलेजच्या पुस्तकात इतकंच लिहिलेलं असतं.

प्रत्यक्षात कंपायलर मुकाट्यानं पास करतो आणि प्रोग्राम तिसऱ्या आठवड्यात चुकतो. पूर्णांकाला शून्यानं भागलं तर एक्स८६ तिथंच दोष दाखवून प्रोग्राम पाडतो. आर्म काही न बोलता उत्तर शून्य देतो. पडणारा प्रोग्राम निदान फोन करून सांगता येतो. शून्य व्याज लावून पुढे गेलेला हिशेब ऑडिटपर्यंत कुणाला दिसत नाही. सी भाषेतला ‘कॅर’ हा साधा प्रकार घ्या. लिनक्सवर एक्स८६मध्ये तो −१२८ ते १२७ असा धरला जातो, आर्मवर ० ते २५५. इंग्रजी मजकुराला यानं काही फरक पडत नाही, कारण ती अक्षरं १२७च्या आतच बसतात. आपल्याला पडतो. जुन्या इस्की संकेतात देवनागरी अक्षरं १६१पासून वर आहेत, आणि आजच्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७च्या वर असतो. ‘बाइट ऋण आला म्हणजे देवनागरी’ अशी सोपी चाचणी कुणी पंचवीस वर्षांपूर्वी लिहून ठेवली असेल, तर आर्मवर ती कधीच खरी ठरणार नाही. एक्स८६वर बिनबोभाट चाललेल्या प्रोग्राममधून एका दिवसात सगळं मराठी गायब. तसं पाहिलं तर चूक लिहिणाऱ्याचीच, कारण सी भाषेचा नियम हा प्रकार धन की ऋण हे ठरवतच नाही. पण ती चूक उघडी पडायला प्रोसेसर बदलावा लागतो.

याहून वाईट प्रकार मेमरीच्या क्रमाचा. एक्स८६वर एका कोअरनं मेमरीत ज्या क्रमानं लिहिलं, त्याच क्रमानं ते दुसऱ्या कोअरला दिसतं. आर्म तशी हमी देत नाही; क्रम पाळायचा असेल तर प्रोग्राममध्ये तसं स्पष्ट सांगावं लागतं. ज्यांनी ते सांगितलं नाही त्यांचे प्रोग्राम एक्स८६च्या कृपेनं वर्षानुवर्षं चालले. आर्मवर नेल्यावर ते दहा हजार वेळा बरोबर चालतात आणि एकदा चुकतात. अशी चूक चाचणीत सापडत नाही, ती महिनाअखेरीला गर्दीच्या वेळी सापडते.

आता पुण्याकडे येतो, कारण या विषयातला आपला सर्वात मोठा अनुभव पुण्यातच जमा झालेला आहे. सी-डॅकचा १९९१ मधला ‘परम ८०००’ हा महासंगणक ब्रिटिश कंपनी इन्मॉसच्या ट्रान्सप्युटर चिपांवर बांधला होता. अमेरिकेनं क्रे महासंगणक नाकारला आणि आपण परम केला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. ‘परम ८६००’मध्ये इंटेलचा आय८६० आला. ‘परम ९०००’मध्ये सनचा सुपरस्पार्क. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये अल्ट्रास्पार्क. २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचा पॉवर४. २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे झिऑन. नाव परमच राहिलं, पण सतरा वर्षांत आतला सूचना-संच ट्रान्सप्युटर, आय८६०, स्पार्क, पॉवर, एक्स८६ असा पाच प्रकारचा झाला. आता सी-डॅकनं ‘औम’ हा आर्मवर आधारलेला प्रोसेसर आखला आहे, म्हणजे सहावा.

या प्रत्येक उडीत वैज्ञानिकांचे प्रोग्राम टिकले, कारण ते फोरट्रान या भाषेत होते आणि सोर्स कोड त्यांच्या स्वतःकडे होता. कुठल्या विक्रेत्याची परवानगी मागायची नव्हती. जे प्रोग्राम ट्रान्सप्युटरच्या खास जोडण्या धरून लिहिले होते ते मात्र नव्यानं लिहावे लागणार हे उघड होतं. १९९४ मध्ये एमपीआय हा प्रोसेसर-प्रोसेसरमधल्या संवादाचा प्रमाणित संकेत आला, आणि त्यानंतर यंत्र बदललं तरी प्रोग्रामचा तो भाग जागेवर राहू लागला. एकाच कंपनीच्या यंत्राला चिकटलेला कोड मरतो, प्रमाणावर लिहिलेला तरतो, हा धडा परमच्या इतिहासात लिहिलेला आहे. तो मंत्रालयापर्यंत पोचला नाही, ही वेगळी गोष्ट.

तरीही काम सोपं नव्हतं. स्पार्क आणि पॉवर यंत्रांवर संख्येचा मोठा बाइट आधी लिहिला जाई, इंटेलवर धाकटा आधी. म्हणजे स्पार्कवर लिहून ठेवलेली आकडेवारी इंटेलवर सरळ वाचली तर तापमान म्हणून भलतेच आकडे येणार. याची खूण आजही हयात आहे. हवामानाचं डब्ल्यूआरएफ हे प्रारूप जगभर, आपल्याकडेही, वापरलं जातं. ते इंटेल-एएमडीच्या यंत्रावर कंपाइल करताना फोरट्रानच्या फाइली मोठा बाइट आधी धरूनच वाचाव्या-लिहाव्यात असा पर्याय त्याच्या मांडणीतच घातलेला असतो. ज्या यंत्रांसाठी तो नियम ठरला ती बहुतेक भंगारात गेली, नियम राहिला. आणि तो राहिला म्हणून जुनी आकडेवारीही राहिली.

दुसरी अडचण उत्तरांच्या खरेपणाची. गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच पूर्णांकन करायचं की दोनदा, हे प्रोसेसर आणि कंपायलरनुसार बदलतं. शेवटच्या दशांशात फरक पडतो. हवामानाचं गणित असं नाजूक की तो फरक काही दिवसांच्या अंदाजात वाढत वाढत ठळक होतो. मग जुन्या यंत्राचं उत्तर बरोबर की नव्याचं? दोन्ही बरोबर असू शकतात. म्हणून असं प्रारूप नव्या यंत्रावर नेल्यावर आकड्याला आकडा जुळवून भागत नाही. अनेक वेळा चालवून, उत्तरांचा पसारा सांख्यिकीनं तपासावा लागतो. कंपाइल करायला दुपार लागते, विश्वास ठेवायला महिने. निविदेत जेव्हा ‘पोर्टिंग’ (प्रोग्राम नव्या यंत्रावर नेणं) असा एका ओळीचा खर्च दाखवतात, तेव्हा तो बहुधा त्या दुपारचा असतो.

सोर्स कोड नसेल तर काय, याचं एक उत्तर बाजारानं दिलेलं आहे: एका प्रोसेसरच्या आज्ञांचं दुसऱ्याच्या आज्ञांत चालताचालता भाषांतर. ॲपलनं यात कमाल केली हे मान्य करायलाच हवं. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे, आणि २०२० मध्ये इंटेलकडून स्वतःच्या आर्म चिपकडे, अशा तीन उड्या या कंपनीनं गिऱ्हाईक न गमावता मारल्या. २०२० मधला ‘रोझेटा २’ हा भाषांतरकार इतका चांगला निघाला की इंटेलसाठी लिहिलेले काही प्रोग्राम नव्या मॅकवर जुन्यापेक्षा जलद चालले. याचाच दाखला देऊन अनेक जण म्हणतात की आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या जातीचा, प्रश्न आता उरलेला नाही, भाषांतरकार आहेत की.

इथंच घोडं पेंड खातं. रोझेटा २ चांगला चालतो याचं एक मोठं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. मघाशी सांगितलेला एक्स८६चा मेमरी-क्रम पाळण्याची खास सोय ॲपलनं स्वतःच्या एम१ चिपमध्येच घालून ठेवली होती. चिप, ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषांतरकार तिन्ही एकाच मालकाचे असल्यावरच असं जमतं. ते ज्याच्याकडे नाही त्यानं ॲपलचा दाखला देऊ नये. आणि ॲपलचं भाषांतर ठरावीक मुदतीचं असतं. पहिला रोझेटा २००६ मध्ये आला आणि २०११ मध्ये मॅक ओएसच्या ‘लायन’ आवृत्तीतून काढून टाकला. पॉवरपीसीचे जे प्रोग्राम तोवर नव्यानं लिहिले गेले नाहीत ते त्या दिवशी संपले. रोझेटा २ बद्दलही कंपनीनं २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे की मॅक ओएस २७ नंतर काही जुन्या खेळांपुरता भाग सोडला तर तो राहणार नाही. व्हिडिओ एडिटरला ही मुदत पुरते, तो नवी आवृत्ती विकत घेतो. तहसील कार्यालयाला किंवा सहकारी पतसंस्थेला ती पुरत नाही. तिथं सॉफ्टवेअर पंधरा-वीस वर्षं वापरलं जातं, आणि त्यात गैर काही नाही. खातेवहीचं गणित दरवर्षी बदलत नसतं.

पतसंस्थांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, उडी मारायला जात बदलावीच लागते असंही नाही. एक्स८६चीच ६४ बिट आवृत्ती आली तेव्हा त्या पद्धतीत जुनी डॉसची कामं चालवण्याची प्रोसेसरमधली सोयच काढून टाकलेली होती. ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालत नाहीत ते त्यामुळे. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम, त्याच्यावर छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि प्रोग्राम लिहिणारा पोरगा केव्हाच पुण्याला किंवा बंगळूरला गेलेला, ही स्थिती तालुक्याच्या गावात कुणालाही ओळखीची वाटेल. कुणी डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम बसवून दिला, कुणी जुना ३२ बिट संगणक जपून ठेवला, कुणी नवीन सॉफ्टवेअर घेऊन जुन्या नोंदी हातानं भरल्या. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात ‘प्रोसेसर बदलाचा खर्च’ म्हणून दिसत नाही. तो कारकुनाच्या जादा तासांत मुरतो.

भारतात झालेला आणखी एक प्रयोग लोक विसरले. इंटेलच्या प्रोसेसरवरचा पहिला स्मार्टफोन जगात सर्वात आधी भारतात विक्रीला आला: एप्रिल २०१२, लावा कंपनीचा ‘झोलो एक्स९००’, किंमत साधारण २२ हजार रुपये. अँड्रॉइडचे जावात लिहिलेले ॲप त्यावर तसेच चालत. पण आर्मसाठी थेट कंपाइल केलेले भाग, विशेषतः खेळांमधले, भाषांतरकाराच्या हवाली करावे लागत. चिप वाईट नव्हती. कंपनी लहान नव्हती, जगातली सर्वात मोठी चिप कंपनी होती. तरीही जगातले ॲप बनवणारे आर्म धरून बसले होते, त्यांना इंटेलसाठी वेगळी मेहनत घेण्याचं कारण नव्हतं. २०१६ मध्ये इंटेलनं मोबाइलच्या चिपांतून काढता पाय घेतला. इंटेलला जे पैसे ओतून जमलं नाही, ते ध्रुवला केवळ देशप्रेमावर जमेल असं मानायला माझं मन तयार नाही.

याच्याहून बोलका दाखला आयटेनियमचा. एचपी आणि इंटेल यांनी १९९४ मध्ये हातमिळवणी करून सर्व्हरसाठी नवा सूचना-संच आखायला घेतला. पहिली चिप २००१ मध्ये आली. एक्स८६चे जुने प्रोग्राम तिच्यावर चालत, पण रडतखडत. २००३ मध्ये एएमडीनं जुन्या एक्स८६लाच ६४ बिटची जोड दिली, जुनं सगळं पूर्ण वेगानं चालतं ठेवलं, आणि पुढच्या वर्षी खुद्द इंटेलला तीच वाट धरावी लागली. यानंतर जे झालं ते निविदा लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मार्च २०११ मध्ये ओरॅकलनं जाहीर केलं की आयटेनियमसाठी आम्ही यापुढे सॉफ्टवेअर बनवणार नाही. चिप बनत होती, यंत्रं विकली जात होती. पण डेटाबेसच येणार नाही म्हटल्यावर ती घेणार कोण? एचपी कोर्टात गेली, जिंकली, २०१६ मध्ये ज्यूरीनं ३ अब्ज डॉलर भरपाईही ठरवली. आयटेनियम मात्र त्यातून उठला नाही. २०२१ मध्ये शेवटच्या चिपा रवाना झाल्या, २०२३ अखेर लिनक्सच्या गाभ्यातूनही त्याचा आधार काढला गेला. एका सॉफ्टवेअर कंपनीचा एक निर्णय, आणि ज्यांनी त्या यंत्रांवर कोट्यवधी घातले होते त्यांच्या हातात कोर्टाचा निकाल.

आता आपल्या कचेऱ्यांकडे पाहा. कुणी म्हणेल, हल्ली सगळं ब्राउझरमध्ये असतं, प्रोसेसर कुठलाही असो. अर्धं खरं आहे. फेरफार मंजूर करताना, निविदा भरताना, कंपनीचे कागद दाखल करताना डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) लागतं, म्हणजे ते यूएसबीचं डोंगल. वेबपेज स्वतः डोंगलशी बोलू शकत नाही. त्यासाठी संगणकावर एक छोटा प्रोग्राम आणि डोंगल बनवणाऱ्या कंपनीची एक लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) बसवावी लागते. आधारच्या बोटाच्या ठशाचंही तेच. ठसा घेणाऱ्या यंत्राची ‘आरडी सर्व्हिस’ ही पाठीमागे चालणारी सेवा संगणकावर ११,१०० ते ११,१२० यांतल्या एखाद्या पोर्टवर कान देऊन बसलेली असते, आणि वेबपेज तिला हाक मारतं. वरून ब्राउझर दिसतो, खाली एका खासगी कंपनीची कंपाइल केलेली, बंद फाइल असते. ती फाइल ज्या प्रोसेसरसाठी बनवली, आपली अख्खी ई-सेवा तितक्यापुरतीच.

याची चुणूक विंडोजच्या आर्म लॅपटॉपवर दिसते. २०१२ चा विंडोज आरटी जुने प्रोग्राम चालवतच नव्हता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टला त्या सरफेस टॅब्लेटपोटी ९० कोटी डॉलरचं नुकसान पुस्तकात दाखवावं लागलं. शहाणपण येऊन २०१७ पासून ३२ बिट प्रोग्रामांचं भाषांतर आलं, विंडोज ११ पासून ६४ बिटचंही. साधे प्रोग्राम आज त्यावर बरे चालतात. पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, त्याचं भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच बनवलेला हवा. एक्स८६ची लायब्ररी आर्मच्या प्रोग्राममध्ये सरळ भरतीही करता येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः ज्या गोष्टी अडू शकतात म्हणून सांगतं त्यांत जुने ड्रायव्हर आहेत आणि काही इनपुट मेथड, म्हणजे टायपिंगची साधनं, हेही आहेत. मराठीत डीटीपी करणाऱ्यानं हे वाक्य दोनदा वाचावं. रेमिंग्टनच्या सवयीचा कीबोर्ड देणारी जुनी साधनं दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात शिरूनच काम करतात, आणि काही सॉफ्टवेअरं यूएसबी लॉकशिवाय उघडत नाहीत. लॉकला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर करणारी कंपनी आज असेलच असं नाही.

मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला तेरा-चौदा वर्षं झगडून ड्रायव्हरवाल्यांना हलवता आलेलं नाही. रिस्क-फाइव्हवर चालणारा सरकारी संगणक उद्या आला तर डोंगलवाला त्याच्यासाठी लायब्ररी का बनवेल? गिऱ्हाईक नाही म्हणून लायब्ररी नाही, लायब्ररी नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. हा पीळ बाजार सोडवत नाही, कारण सोडवण्यात कुणाचाच फायदा नाही. तो सोडवू शकेल असं एकच गिऱ्हाईक आहे: सरकार. डोंगल कुणाचं चालेल आणि ठशाचं यंत्र कुणाचं चालेल, याला मान्यता सरकारी यंत्रणाच देतात. नियम तिथं बसवता येतो.

जे आपल्या हातात होतं तिथं हा प्रश्न सुटलेला आहे, हेही सांगायला हवं. विक्रम ३२०१ चा सूचना-संच इस्रोचा स्वतःचा आहे, जगात दुसऱ्या कुणाचा नाही. कागदावर ही सर्वात अवघड स्थिती. पण इस्रोनं चिपबरोबर एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर घरीच बनवले, आणि रॉकेटचं सॉफ्टवेअर तर पहिल्यापासून त्यांच्याच मालकीचं. २००९ पासून उडणाऱ्या १६ बिट विक्रमवरून ३२ बिटवर येताना त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. खुल्या सॉफ्टवेअरचंही तसंच. डेबियन या लिनक्स वितरणानं ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिलं. हजारो पॅकेजेस पुन्हा कंपाइल होऊन तयार आहेत, कारण त्यांचा सोर्स कोड खुला होता आणि अनेक आर्किटेक्चरांवर नेऊन नेऊन त्यातले खाचखळगे बरेचसे बुजले होते. म्हणजे ध्रुवच्या वारसदारांना ब्राउझर, ऑफिस, डेटाबेस मिळेल. अडेल ते आपण इथं, आपल्या पैशांनी, आपल्या कामासाठी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर.

केंद्र सरकारचं खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण २०१५ चं आहे. सरकारी ॲप्लिकेशनांचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरणही त्याच वर्षीचं. करारांत सोर्स कोड सरकारच्या मालकीचा असं कलमही असतं. पण सीडीत सोर्स कोड पडून असणं वेगळं आणि त्या सीडीतून चालतं सॉफ्टवेअर उभं राहणं वेगळं. कंपायलरची कुठली आवृत्ती लागते, कुठल्या बाहेरच्या लायब्ररी लागतात, त्यांतली कुठली बंद आहे, हे कंत्राटदाराच्या दोन माणसांच्या डोक्यात असतं. म्हणून माझी मागणी कलमाची नाही, चाचणीची आहे. माल ताब्यात घेताना कंत्राटदारानं सरकारी माणसासमोर, कोऱ्या यंत्रावर, सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर बांधून दाखवावं. एकदा एक्स८६वर, एकदा आर्म किंवा रिस्क-फाइव्हवर. दुसऱ्या यंत्रावर ते हळू चाललं तरी हरकत नाही. चाललं पाहिजे. नाही चाललं तर कशामुळे नाही याची लेखी यादी द्यावी, आणि शेवटचा हप्ता तोवर थांबवावा. ज्या तयार मालाचा सोर्स कोड मिळणारच नाही, त्याची फाइल-रचना आणि जोडणीचा संकेत तरी जाहीर असावा, म्हणजे दुसरा कुणी त्याची जागा घेऊ शकेल.

कंत्राटदार म्हणतील, दर वाढतील. वाढतील, थोडे. पहिल्या दिवसापासून दोन आर्किटेक्चरांवर चाचणी घेतली तर मघाचे ऋण बाइट आणि शून्याचे भागाकार लिहिता लिहिताच सापडतात. पंधरा वर्षांनी, लिहिणारा निघून गेल्यावर शोधायचे म्हटले तर तोच खर्च अनेक पटींनी होतो आणि तो जनता भरते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: डोंगल आणि ठशाच्या यंत्रांत सुरक्षेचा प्रश्न असतो, सगळं उघडं कसं करायचं? उघडं करू नये. किल्ल्या चिपच्या आत असतात, त्या आतच राहाव्यात. संगणकाशी बोलण्याची पद्धत जाहीर केल्यानं किल्ली बाहेर येत नाही. बँकांचं गूढलेखनही जाहीर संकेतांवरच चालतं. जिथं खरोखर बंद फाइलच हवी असेल तिथं मान्यता देणाऱ्या यंत्रणेनं तिची रिस्क-फाइव्ह आवृत्तीही मागावी. मान्यता हवी असणारी कंपनी ती देईल.

हे सगळं एकदम होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. सुरुवात कुठून करायची हे विचाराल तर मी डोंगल आणि आरडी सर्व्हिस, या दोनच गोष्टी सांगेन. ध्रुववर आधारलेलं एखादं यंत्र एका तालुक्याच्या महसूल कार्यालयात ठेवावं, त्यावर डेबियन चढवावं, आणि तिथल्या मंडळ अधिकाऱ्याला त्यावरून एक फेरफार सही करून दाखवायला सांगावं. जिथं अडेल तिथली फाइल कुणाची, हे लिहून घ्यावं आणि पुढच्या मान्यतेच्या वेळी त्या कंपनीपुढे तो कागद ठेवावा.